आढ्याखालची ऊब : कोन-भिवंडी पट्ट्यातल्या माळ्याचा इतिहास

कौलारू घराचे आढे आणि खालच्या खोल्यांचा माथा यांच्यामध्ये जी तिकोनी पोकळी राहते, ती म्हणजे माळा. वरून कौलांवर ऊन पडते, खालून चुलीची आच चढते आणि दोन्हीकडून तापलेली हवा आढ्याजवळ कोंडून राहते. थंड मुलुखांत ही फुकटची ऊब खाली खोल्यांत ओढून माणसांपर्यंत कशी पोहोचवता येईल, यावर गेली काही दशके बरीच खटपट झाली आहे. ठाणे जिल्ह्यात प्रश्नच निराळा होता. इथे ऊब माणसाला फारशी नको होती. ती भाताला, बियाण्याला, सरपणाला आणि सुक्या मासळीला हवी होती. त्यामुळे इथल्या घराने आपली उबदार हवा खाली आणली नाही. ज्या वस्तूंना ती हवी होती, त्या वस्तूच वर नेल्या.

कोन हे भिवंडी तालुक्यातले गाव कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेले की लागते. कल्याण-भिवंडी रस्ता गावातूनच जातो. एका अंगाला उल्हास नदीची खाडी आणि दुसऱ्या अंगाला भातखाचरे, अशी या पट्ट्याची जुनी ओळख. वस्ती मुख्यतः आगरी, कोळी, कुणबी यांची आणि तालुक्याच्या डोंगराळ भागात वारली, कातकरी, ठाकूर यांची. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी गलबते बांधली जाऊ लागली. त्या गलबतांना लागणारा साग ज्या रानांतून येई, त्याच रानांतून घरांचे खांब, तुळया आणि वासेही येत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. थंडी मात्र पौष-माघातल्या पहाटेपुरती असते आणि ती घोंगडीने भागते.

साठवणीची अडचण या हवामानातूनच उभी राहते. देशावर धान्य जमिनीत जाई. सोलापूर-सांगलीकडे जमिनीत पेवे खणून त्यांत ज्वारी भरत. सांगलीजवळच्या हरिपुरात तर हळदीसाठी शेकडो पेवे होती. २००५ च्या पुरात ती निकामी झाली. कोरड्या मातीत, जिथे पाणी खोल असते, तिथेच हे जमते. खाडीकाठच्या गावात पावसाळ्यात हातभर खणले तरी पाणी लागते. इथे कोरडी जागा एकच, ती म्हणजे आढ्याखालची. देशावरच्या धाब्याच्या घराला सपाट मातीचे छप्पर असते, त्यात आढ्याखाली पोकळी उरतच नाही. धूर आणि उजेडासाठी धाब्याला एक साणे ठेवले की झाले. उतरते छप्पर कोकणातल्या पावसाने घडवले आणि त्या उताराबरोबर माळा आपोआप आला.

सर्वांत जुने छप्पर पेंढ्याचे किंवा गवताचे. खांबांवर आढे आणि पाट, त्यांवर बांबूचे किंवा कारवीचे वासे आणि वर भाताच्या पेंढ्याचा किंवा रानगवताचा थर. भिंती कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचा लेप. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलल्यावर वाळते. तिच्या सरळ, हलक्या काठ्या कुडासाठी सोयीच्या. अशा घराला धुराडे नसे. चूल पेटली की धूर वर जाई, वाशांत आणि पेंढ्यात घोटाळे आणि गवताच्या थरातून सावकाश झिरपत बाहेर पडे. पहाटे दुरून गाव पाहिले तर सगळी छपरे वाफाळताना दिसत.

पाहुण्याला हा धूर गैरसोय वाटे, पण घराच्या दृष्टीने तो कामाचा होता. लाकूड जळताना निघणाऱ्या धुरात फिनॉलसारखी द्रव्ये असतात. ती बुरशीला आणि किडीला मारक असतात. बांबूला लागणारा भुंगा त्याच्या आतल्या पिठूळ भागावर जगतो आणि काही वर्षांत वाशाचा भुगा पाडतो. धुराने काळा पडलेला वासा मात्र पिढीभर टिकतो. चुलीवरचे वासे काजळीने तुळतुळीत आणि ओटीवरचे वासे किडीने पोखरलेले, हा फरक जुन्या घरांत उघड्या डोळ्यांनी दिसे. पेंढ्याचीही तीच गत. ज्या घरात माणसे राहतात, चूल पेटते, त्या घराचे छप्पर टिकते. बंद पडलेले घर दोन-तीन पावसाळ्यांत बसते, ते याच कारणाने.

माळ्याचे दोन भाग मानले जात, मग बांधणीत ते वेगळे असोत वा नसोत. चुलीवरचा भाग धुराचा. तिथे बांबूची जाळी किंवा फळ्यांची मांडणी टांगलेली असे आणि तिच्यावर ओली लाकडे, गोवऱ्या, सुकी मासळी. पावसाळ्यात आज जळणारे सरपण चार दिवस आधी या मांडणीवर चढवलेले असे. ओले लाकूड चुलीत घातले तर त्यातले पाणी उडवण्यातच पुष्कळशी उष्णता खर्च होते आणि डोळ्यांत जातो तो केवळ धूर. कालच्या विस्तवाने उद्याचे सरपण वाळवायचे, ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडलेली होती की तिला कोणी वेगळे नावही दिले नाही. माजघरावरचा दुसरा भाग कोरडा आणि कमी धुराचा. तिथे कारव्या किंवा बांबू जवळजवळ मांडून वर मातीचा जाड थर देत. त्या मातीच्या माळ्यावर धान्य, रिकाम्या टोपल्या, इरली, शेतीची अवजारे ठेवीत. मातीचा हा थर खालच्या माजघराला उन्हाळ्यात गार ठेवी आणि छपराला आग लागलीच तर ती खाली उतरायला थोडा वेळ लावी. पेंढ्याच्या घरात हा थोडा वेळ फार मोलाचा होता.

भात मुख्यतः कणगीत भरत. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ही कणगी घराच्या मध्यभागी, चुलीच्या उबेच्या टप्प्यात उभी असे. बियाण्याचे भात मात्र वेगळे काढून ठेवत. दक्षिण कोकणात, गोव्यात आणि कारवारकडे पेंढ्याच्या दोरांनी गच्च वळलेला मुडा किंवा मुडी बांधून त्यात भात ठेवण्याची पद्धत होती. ठाण्याकडे टोपली, मडके किंवा लहान कणगी. आढ्याला काय काय टांगलेले असे! काकडी, भोपळा, दोडका, घेवडा यांचे पिकलेले वाण, लसणाच्या जुड्या, मक्याची कणसे. पुढच्या हंगामाचे शेत आधी घराच्या छपराखाली लटकत असे.

या सवयीमागचे गणित आज मांडून दाखवता येते. जुलैमधली बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस आणि ९० टक्के आर्द्रतेची असेल, तर तीच हवा चुलीच्या आचेने ३५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतले पाणी तेवढेच राहते. वाढते ती तिची पाणी धरण्याची ताकद. भाताचा दाणा भोवतालच्या हवेशी समतोल साधत असतो. ९० टक्के आर्द्रतेत तो १७-१८ टक्के ओलाव्याला जाऊन थांबतो आणि बुरशी धरतो. ५७ टक्क्यांच्या हवेत तो ११-१२ टक्क्यांवर राहतो. साठवणीचा सुरक्षित ओलावा १३-१४ टक्के मानतात. म्हणजे अवघ्या आठ अंशांच्या उबेने दाणा कुजणार की टिकणार हे ठरत होते. बियाण्याच्या बाबतीत एक ढोबळ नियम आहे, की ओलावा एक टक्क्याने उतरला तर बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. शेतकऱ्याला हा नियम असा पाठ नव्हता, पण धुराच्या मांडणीवरचे वाण उगवते आणि कोनाड्यातले कुजते, एवढा अनुभव पिढ्यान्पिढ्यांचा होता.

आगोटीच्या दिवसांत माळा सर्वांत भरलेला असे. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाची बेगमी. वैशाखात वाल, मूग, चवळी, मिरची, हळद, चिंच, आमसूल ऊन देऊन वर चढवायचे. कोळीवाड्यांत वलांडीवर सुकवलेले बोंबील, शिवाय जवळा, सुकट, खारवलेली मासळी हेही त्यातच. पावसाळ्यात मासेमारी थांबते, भाजी महागते आणि लावणीच्या दिवसांत हाताला उसंत नसते. त्या दोन-अडीच महिन्यांचे कालवण माळ्यावरून उतरे. सुकी मासळी ओल धरून मऊ पडली की तिला अळ्या लागतात, म्हणून तिची टोपली चुलीच्या माथ्यावरच ठेवण्याचा बायकांचा कटाक्ष असे. आंब्याची अढीही बहुधा माळ्यावर पेंढ्यात घालत. उबेत फळ लवकर आणि सारखे पिकते.

माणसासाठी घरात ऊब करण्याचा प्रसंग वर्षभरात क्वचितच येई. थंडीत शेकोटी पेटे ती अंगणात. घराच्या आत मुद्दाम ऊब केली जाई ती बाळंतिणीसाठी. तिची खोली बंद ठेवत, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवत, ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी देत. भर उन्हाळ्यातही हा शेक चुकत नसे. बंद खोलीतला निखाऱ्याचा धूर आई आणि बाळ दोघांनाही अपायकारक असतो, हे आज माहीत आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने लक्षात येते ते असे, की माळ्यावरची तयार ऊब खाली आणण्याचा विचार या प्रसंगीसुद्धा झाला नाही. ऊब खालून, बाजेखालूनच दिली गेली. गरम हवा वर जाते. तिला खाली ढकलायला पंखा लागतो आणि पंख्याला वीज. वीज नसलेल्या घरात जी ऊब खाली हवी ती खालीच पेटवणे शहाणपणाचे होते.

पेंढ्याच्या जागी कौले यायला सुरुवात झाली ती ऐपतीप्रमाणे आणि जागेप्रमाणे. जुनी कौले म्हणजे कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले. चाकावर निमुळती नळी उतरवायची, ओली असतानाच उभी चिरून दोन भाग करायचे आणि भट्टीत भाजायचे. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती वाशांवर अंथरत. खिळा नाही, चुना नाही. प्रत्येक कौल आपल्या वजनाने आणि शेजाऱ्याच्या आधाराने बसे. मांजरे, माकडे, वारा यांनी ती सरकत. म्हणून दरवर्षी वैशाखात घर शाकारावे लागे. फुटकी काढायची, सरकलेली परतायची, वासे पाहायचे, जळमटे झाडायची. शाकारणीच्या दिवशी माळा वर्षातून एकदाच पूर्ण रिकामा होई आणि त्याच्यात उजेड शिरे. नळीच्या कौलांना असंख्य फटी. धूर त्यांतून सहज निघे आणि वाराही आत येई. माळ्यावरची हवा सतत बदलत राही, पण ऊब काही प्रमाणात टिके. ही अर्धीमुर्धी गळती दोष मानली गेली तरी धान्य वाळवायला तिच्याइतकी सोयीची दुसरी व्यवस्था मिळणे कठीण होते. कोंडलेली गरम हवा लवकरच ओलाव्याने भरते. वाळवायला गरम हवा वाहती लागते.

मंगळुरी कौलाने हे बदलले. १८६५ साली बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरात नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या मातीची कौले साच्यात दाबून बनवण्याचा कारखाना सुरू केला. या चपट्या कौलाला कडेला खाचा असतात आणि शेजारचे कौल त्यांत अडकते. साधारण १५ कौलांत एक चौरस मीटर छप्पर झाकते. नळीच्या दुहेरी थरापेक्षा हे छप्पर बरेच हलके, त्यामुळे लाकूड कमी लागे; वाशांवर रिपा ठोकून कौल त्यांवर अडकवले की ते सहसा सरकत नसे. रेल्वे मंगळुरात पोहोचली ती १९०७ साली. त्याआधी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून मुंबईला आणि कोकणातल्या बंदरांना येत. इकडे ठाण्यापर्यंतची आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला आणि कल्याणपर्यंतची १८५४ साली सुरू झालेली होती. बंदरातून गाडीने किंवा खाडीतून पडावाने कौले आत येऊ लागली. आधी वखारी, शाळा, सधनांची घरे आणि मग हळूहळू शेतकऱ्यांची घरे मंगळुरी झाली. भिवंडी तालुक्यातल्या गावांत विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही तिन्ही छपरे शेजारी शेजारी दिसत, एकाच घरात सुद्धा: माजघरावर मंगळुरी, पडवीवर नळीची आणि गोठ्यावर पेंढा.

मंगळुरी कौलाखालचा माळा दिवसा जास्त तापतो. पेंढ्याचा थर उष्णता अडवतो. कौल ती शोषून आत सोडते. त्यामुळे चुलीची आच हे माळ्याच्या उबेचे एकमेव कारण राहिले नाही, सूर्यही तिचा वाटेकरी झाला. एखादे काचेचे कौल बसवले की माळ्यावर उजेड आला आणि तिथे वावर वाढला. फळ्यांची तक्तपोशी, लाकडी जिना, कठड्याची छोटी खिडकी अशी सजावट सधन घरांत दिसू लागली. दुपारी मात्र त्या माळ्यावर बसवत नसे. याच काळात घराची उंची वाढली. तापलेल्या हवेला वर जागा मिळाली आणि खालच्या खोल्या त्या मानाने सुसह्य राहिल्या.

याच तालुक्यात, कोनपासून फार दूर नसलेल्या भिवंडी शहरात, आढ्याखालची कोरडी ऊब नकोशी मानणारा धंदा वाढत होता. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर भिवंडीत स्थिरावले. सुती धाग्याला दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या आसपास असेल तर ताणा लवचीक राहतो, कोरड्या हवेत तो पटापट तुटतो. विणकराचा खड्डामाग हा यावरचा जुना तोडगा. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि ताणा ओलसर जमिनीलगत राहतो. म्हणजे शेतकऱ्याने आपले धान्य जमिनीपासून जितके उंच नेता येईल तितके नेले आणि विणकराने आपले सूत जितके खाली ठेवता येईल तितके ठेवले. एकाच हवेचे दोन थर दोन धंद्यांनी वाटून घेतले होते. पुढे यंत्रमाग आले, खड्डे बुजले, कारखान्यांवर पत्रे चढले आणि उन्हाळ्यात तापलेल्या शेडमध्ये जमिनीवर पाणी मारून ओलावा राखण्याची धडपड सुरू झाली. या शेडमध्ये बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराला वरचा ताप आणि खालची दमट हवा एकाच वेळी सोसावी लागते. छपराच्या इतिहासात या कामगारांची नोंद फारशी होत नाही, ती व्हायला हवी.

पत्रा मूळचा इंग्लंडचा. हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली लंडनमध्ये नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. भारतात सिमेंटचे पत्रे तयार होऊ लागले ते १९३४ साली ॲस्बेस्टॉस सिमेंट कंपनी स्थापन झाल्यानंतरच्या काळात. पत्र्याला शाकारणी लागत नाही, उतार कमी चालतो, लाकूड जवळजवळ लागतच नाही. सिमेंटच्या पत्र्यांतल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे गंभीर आजार होतात, हे पुढे उघड झाले. उतार कमी झाला की पोकळी आखूड होते. पत्र्याच्या घरात माळा नावालाही उरत नाही. तापलेला पत्रा आणि माणसाचे डोके यांच्यामध्ये वावभर हवा. उन्हाळ्याच्या दुपारी असा पत्रा ६० अंशांपुढे तापतो. एकविसाव्या शतकात भिवंडीभोवतीच्या भातखाचरांवर जी प्रचंड गोदामे उभी राहिली, त्यांच्या छपरांवर गोल फिरणारी जाळीदार डोकी दिसतात. वारा आणि वर चढणारी गरम हवा त्यांना फिरवते आणि छपराखालची हवा बाहेर फेकली जाते. आढ्याखालची ऊब इथे केवळ टाकाऊ ठरली.

जिथे हिवाळा कडक असतो तिथे नेमके उलटे घडले. १८८१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे एडवर्ड मोर्स यांनी उन्हाने हवा तापवून खोलीत सोडणाऱ्या भिंतीचे पेटंट घेतले. जॉर्ज लॉफ यांनी १९४५ साली कोलोराडोतल्या बोल्डर इथल्या घराच्या छपरावर काचांखाली हवा तापवून ती घरात फिरवली आणि १९५७ च्या डेन्व्हर इथल्या आपल्या घरात ती ऊब रात्रीसाठी खडीच्या स्तंभांत साठवली. फ्रान्समध्ये फेलिक्स त्रोंब आणि जाक मिशेल यांनी १९६७ साली ओदेयो इथे काचेमागे जाड काळी भिंत उभी केली. हीच युक्ती पुढे लडाखमध्ये रुजली आणि लेहजवळच्या फे गावातल्या सेकमोल या शैक्षणिक संस्थेच्या मातीच्या इमारती हिवाळ्यात उन्हावरच उबदार राहतात. जपानमध्ये वास्तुरचनाकार अकिओ ओकुमुरा यांच्या विचारातून १९८७ साली ओएम सोलर ही पद्धत संघटितपणे सुरू झाली. तीत छपराच्या पत्र्याखाली तापलेली हवा आढ्याशी गोळा होते, पंखा ती खाली जमिनीच्या काँक्रीटखाली ढकलतो आणि तापलेले काँक्रीट रात्रभर घराला ऊब देते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याहून साधे संच मिळतात: माळ्यावर गाळणी आणि पंखा, तिथून छतापर्यंत नळी आणि माळ्याचे तापमान खोलीपेक्षा जास्त झाले की पंखा सुरू करणारे यंत्र.

या संचांची ताकद आणि मर्यादा एका हिशेबात कळते. एक घनमीटर हवा एक अंशाने गार होताना जेमतेम एक-तृतीयांश वॉट-तास उष्णता सोडते. माळ्यावरची हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असेल आणि पंखा तासाला २०० घनमीटर हवा खाली आणत असेल, तर घराला सुमारे ६६० वॉट ऊब मिळते. एका छोट्या विजेच्या शेगडीपेक्षाही ती कमीच. पंखा त्या मानाने थोडीच वीज खातो, म्हणून हा सौदा परवडतो. पण कौल जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते. सूर्य मावळला की माळा घरापेक्षा गार होतो आणि ऊब हवी असते ती नेमकी त्यानंतर. म्हणूनच लॉफ यांना खडी लागली आणि ओकुमुरांना काँक्रीट. माळ्यावरची हवा खाली घ्यायची तर तिच्याबरोबर येणारी धूळ, उंदरांची घाण आणि बुरशी गाळून काढावी लागते, हाही भाग आहेच. कोनसारख्या गावात हा खटाटोप करण्याचे कारण नाही. वर्षातल्या मोजक्या पहाटांसाठी कोणी नळ्या बसवणार नाही. आपल्याकडे याच तत्त्वाचा उपयोग झाला तो वाळवणासाठी. तमिळनाडूतल्या प्लॅन्टर्स एनर्जी नेटवर्क या संस्थेने छपरातच हवा तापवणारे सौरसंच बसवून चहा, मसाले अशा मालाच्या वाळवणाला गरम हवा पुरवली. आढ्याखालच्या मांडणीला हेच काम शेकडो वर्षे ठाऊक होते.

गावातल्या माळ्याचा शेवट मात्र छपराने नव्हे, चुलीने केला. १९८० च्या दशकात सुधारित, निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नळकांड्याने धूर थेट बाहेर जाऊ लागला. त्यानंतर गॅसची शेगडी आली; २०१६ च्या उज्ज्वला योजनेने ती गरिबांच्या स्वयंपाकघरापर्यंत नेली. बायकांच्या डोळ्यांवरचा आणि छातीवरचा भार यामुळे कमी झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. जुन्या माळ्याची आठवण काढताना त्या धुराची किंमत कोण मोजत होते, हे विसरून चालणार नाही. पण वासे, बियाणे आणि मासळी यांना मिळणारी राखण त्याबरोबर गेली. धूर थांबला आणि वाशांना भुंगा लागला. वाशांना भुंगा लागला म्हणून कौले उतरली. कौले उतरली तिथे स्लॅब पडला. जमिनीचे भाव, गोदामांचे भाडे, मोठी होत गेलेली कुटुंबे ही कारणेही होतीच, पण कुजणारे छप्पर हे घर पाडण्याचे रोजच्या डोळ्यांपुढचे निमित्त होते. वाणाचे बियाणे पिशवीबंद मिळू लागले, भात विकत मिळू लागले, सुकी मासळी प्लास्टिकच्या डब्यात गेली. साठवायचेच काही उरले नाही तेव्हा साठवणीच्या जागेची गरज उरली नाही.

स्लॅबचे घर आल्यावर आढे गेले, वळचण गेली, पागोळ्या गेल्या. सपाट गच्ची दिवसभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खालच्या खोलीत सोडत राहते. पावसात ती झिरपते. दोन्ही दुखण्यांवर कल्याण-भिवंडी पट्ट्यात लोकांनी एकच उपाय काढला: गच्चीवर लोखंडी कैच्या उभ्या करून पत्रे घालायचे. आज या पट्ट्यात फिरताना नव्या दुमजली-तिमजली घरांवरही उतरती पत्र्याची शेड दिसते. स्लॅब आणि पत्रा यांच्यामध्ये पुन्हा एक पोकळी तयार होते, बाजूंनी उघडी आणि वाऱ्याला मोकळी. पत्रा तापतो, पण तापलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते आणि स्लॅबवर सावली पडते. खालची खोली त्यामुळे खरोखर गार राहते. या शेडमध्ये उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालतात, मिरच्या पसरतात, लग्नाच्या पंगती उठतात. जुने पाट, पाण्याच्या टाक्या, सायकली तिथेच जातात.

जुन्या माळ्याची अर्धी कामे या शेडने परत मिळवली आहेत. उन्हापासून राखण आणि अडगळीला जागा तिथे मिळते. पावसाळ्यातली कोरडी ऊब मिळत नाही, कारण खाली विस्तव नाही. जुलैमध्ये पत्र्याखालची हवा बाहेरच्या हवेइतकीच ओली असते. दोरीवरचे कपडे तिथे दोन दिवस ओलसर राहतात आणि वाऱ्यावरच काय वाळतील तेवढे वाळतात. काही घरांत तांदळाच्या भाकऱ्यांसाठी किंवा अंघोळीच्या पाण्यासाठी चूल अजून आहे, परसात किंवा शेडच्या एखाद्या कोपऱ्यात. तिच्यावरच्या पत्र्याचा तेवढाच तुकडा काळा झालेला असतो, आणि पावसाळ्यात ओले सरपण त्याच तुकड्याखाली रचून ठेवलेले सापडते.